वॉश कोस्तेलनिकचा दिवस

"कोच बोलावतायत," एवढंच सांगितलं तर एल्डन ड्रिलर्सचा कुठलाही खेळाडू एखादी शिवी पुटपुटत उठायचा आणि जायचा. "कोच बोलावतायत, वही घेऊन या," असं म्हटलं, की खोलीतले बाकीचे सगळे एकदम आपापल्या बुटांच्या नाड्यांत गुंतायचे. त्या वहीत प्रत्येकाने संघाच्या सगळ्या चाली स्वतःच्या हाताने काढलेल्या असत. वही संघाची, हात आपला. वही परत मागितली म्हणजे हाताचं काम संपलं.

वॉश कोस्तेलनिकने नऊ मोसमांत एकसष्ट माणसांना वही घेऊन जाताना पाहिलं होतं. असल्या गोष्टी तो मोजायचा. किती गेले ते मोजलं, की आपण राहिलो याची खात्री पटते. त्या एकसष्टांपैकी एकाच्याही मागे तो दारापर्यंत गेला नव्हता, पण ते मोजण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

दहाव्या मोसमात, १९५६च्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी, सामान सांभाळणारा फिंच आला. वॉशच्या डोक्यावरच्या खुंटीकडे बघत म्हणाला, "वॉश, कोच बोलावतायत." मग खाकरला. "वही पण."

बासष्ट.

वॉश अमेरिकन फुटबॉलच्या रांगेतला मधला माणूस. चेंडूवर वाकायचं, पायांमधून तो मागे नॉर्म टलीच्या हातात द्यायचा, आणि त्याच क्षणी समोरून धावून येणारा अडीचशे पौंडांचा गडी छातीवर घ्यायचा. नॉर्म क्वार्टरबॅक; चाली ओरडायचा, चेंडू फेकायचा, सोमवारच्या वर्तमानपत्रात हसायचा. वॉशच्या हिशेबाने नऊ वर्षांत त्याने नॉर्मच्या हातात सहा हजारांवर चेंडू दिले होते. त्यातले तेरा सांडले. सातांत चूक नॉर्मची होती, पण वर्तमानपत्रांनी तेराच्या तेरा वॉशच्या नावावर घातले, आणि वॉशने कधी तक्रार केली नाही. मैत्रीत एवढं चालतंच.

वही काखेत मारून तो नॉर्मसमोरून गेला. नॉर्म नाडी बांधत होता. बांधलेलीच नाडी सोडून परत बांधत होता.

कोच ओरिन मॅब्री चष्मा पुसत बसले होते. वाईट बातमी द्यायची असली की त्यांचा चष्मा फार मळायचा.

"बस, वॉश."

"उभाच बरा."

"गुडघा कसाय?"

"तोही उभाच आहे."

"ड्यूईला जागा द्यायचीय. पोरगं तयार झालंय. तूच केलंस ना तयार."

ते खरं होतं. ड्यूई लॅसिटर हा टेक्सासचा पोरगा जुलैपासून वॉशच्या मागे मागे फिरून चेंडू कसा धरायचा ते शिकला होता. आपल्या जागेवर डोळा असलेल्या माणसाला शिकवायचं हा तिथला रिवाज. न शिकवलं तर माणूस कोत्या मनाचा ठरतो, शिकवलं तर बेकार होतो.

"कोच, दोन डिसेंबरला माझा दिवस आहे."

मॅब्रींनी चष्मा आणखी जोरात पुसला. जुन्या खेळाडूचा असा ‘दिवस’ करत. सामन्याआधी मैदानाच्या मधोमध उभं करायचं, भाषणं करायची, आणि त्याच्या गावच्या लोकांनी त्याला काहीतरी द्यायचं. वॉशचं गाव कार्व्हर्स रन, एल्डनपासून चाळीस मैलांवरचं पोलादाचं गाव. तिथल्या रुसिन, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या लोकांच्या मंडळाने दीड वर्ष सोडतीची तिकिटं विकून, बायांनी शुक्रवारच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, लाटून त्याच्यासाठी निळी मोटार घेतली होती. एकशे चाळीस माणसं तीन बसगाड्यांतून येणार होती. मंडळाचे अध्यक्ष वॉशचे सासरे, ओनुफ्री ह्रिंदा. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी सायकलसुद्धा घेतलेली नव्हती.

"तीन आठवडे, कोच. मला बाकावर बसवा. पाणी द्यायला ठेवा."

"दिवस खेळाडूचा असतो, वॉश. पाणक्याचा नसतो." त्यांनी हात पुढे केला. वॉशला वाटलं शेकहँडसाठी. तो वहीसाठी होता.

*

संध्याकाळी फोन आला तेव्हा त्याची बायको पॉलीन कोबी उकडत होती. फोन चार तासांवरच्या पोर्ट गॅरिसनहून होता. पायलट्स संघाचे कोच गस व्हिटलॉक स्वतः बोलत होते. येत्या रविवारी पायलट्सचा सामना ड्रिलर्सशीच होता.

वॉशने फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा झाला होता. "घेतलं! उद्या सकाळच्या गाडीनं ये म्हणाले. आणि ऐक, दोन डिसेंबरला त्यांचा सामना घरच्या मैदानावर आहे. म्हणाले, तुझ्या लोकांना इकडे आण. तुझा दिवस आम्ही करू."

पॉलीनने झाकण उचललं, वाफ जाऊ दिली. "त्यांचा मधला मोडलाय?"

"नाही."

"आजारी आहे?"

"नाही गं."

"मग त्यांना तेहतीस वर्षांचा दुसरा कशाला हवाय?"

"अनुभव."

"अनुभव बाजारात पडून असतो, वॉश. त्याला कोण रात्रीचा फोन करत नाही."

"तुला माझं काही बरं झालेलं बघवत नाही."

"बघवतं. पण आधी किंमत बघते." ती एवढंच म्हणाली आणि त्याची बॅग भरायला गेली. मोजे सहा जोड्या घातले. आठवड्याभराचे. त्याहून जास्त घालायला तिचं मन धजलं नाही.

*

बुधवारी दुपारी पोर्ट गॅरिसनच्या सरावात त्याला पंचावन्न नंबरची जर्सी मिळाली. काखेत उसवलेली होती. तासाभरात त्याला चेंडूवर दोनदा वाकवलं, आणि पुढचा वेळ तो कडेला उभा होता. संध्याकाळी मात्र व्हिटलॉकनी त्याला मैदानाजवळच्या खाणावळीच्या मागच्या खोलीत नेलं. टेबलावर मांसाचे जाड तुकडे, दोन मदतनीस कोच, आणि भिंतीला टेकवलेला फळा. जेवायच्या खोलीत फळा कशाला, हे वॉशच्या लक्षात यायला सूप संपावं लागलं.

"खा, खा," व्हिटलॉक म्हणाले. मोठा गोड माणूस. "तू मधला. टली जे ओरडतो ते आधी तुझ्या पाठीवरनं जातं. बरोबर ना?"

वॉशने काटा खाली ठेवला.

"तो आयत्या वेळी चाल बदलतो. एक रंग ओरडतो, मग आकडा. कधी तो रंग खरा असतो, कधी नुसती बोंब. कुठला खरा?"

"मला वाटलं तुम्ही मला खेळायला घेतलंय."

"घेतलंयच की! जर्सी नाही का दिली?"

"ते रंग बदलतील. मी गेलो म्हटल्यावर."

"चार दिवसांत? अकरा माणसांच्या डोक्यांत नऊ वर्षं बसलेलं? डोकं म्हणजे काय कुलूप आहे, किल्ली बदलली की झालं?" व्हिटलॉकनी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. "हे बघ कोस्तेलनिक, मी कुणाची चुगली करत नाही. पण तुझ्या जागी त्या टेक्सासच्या पोराला घ्या, असं मॅब्रींना सांगितलं कुणी, ते तुला ठाऊक आहे का? ज्याच्या हातात तू नऊ वर्षं चेंडू दिलास त्यानं."

हे खरं की खोटं, ते वॉशने विचारलं नाही. त्याला ती बांधलेली नाडी आठवली. बस झालं.

"आणि तुझ्या लोकांचा दिवस," व्हिटलॉक हळूच म्हणाले, "किती माणसं म्हणालास? एकशे चाळीस? मधल्या रांगेतल्या जागा देतो मी त्यांना. फुकट."

वॉशने सांगितलं. हिरवा म्हटलं तर खरं, बाकीचे रंग नुसते ओरडायचे. विषम आकडा आला की डावीकडे, सम आला की उजवीकडे. उठून फळ्यावर काढूनही दाखवलं, कारण त्याचं अक्षर व्हिटलॉकच्या मदतनिसापेक्षा चांगलं होतं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. बसगाड्या, निळी मोटार, ओनुफ्रींचा कडक इस्त्रीचा एकुलता एक कोट, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांच्यासाठीच तर करतोय मी, असं तो स्वतःला सांगत होता. फितुरीनं माणसाची अन्नावरची वासना उडते म्हणतात. वॉशने सफरचंदाच्या पायचे दोन तुकडे खाल्ले.

*

रविवारी पंचावन्न नंबर बाकाच्या टोकाला बसला होता. पहिल्याच चालीला नॉर्म वाकला, इकडेतिकडे बघितलं, आणि ओरडला, "हिरवा! सत्तावीस! हिरवा! सत्तावीस!"

पायलट्सचे तीन गडी एकदम डावीकडे धावले. चेंडू उजवीकडून निघाला आणि सत्तर यार्डांवर जाऊन थांबला, कारण तिथे मैदान संपत होतं.

एकदा झालं, नशीब म्हणायचं. पुढच्या पावसाळी अर्ध्या तासात तीनदा झालं. ‘हिरवा’ म्हटलं की पायलट्स एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. चौथ्या वेळी बाकावरचे सगळे सामन्याकडे बघायचं सोडून वॉशकडे बघायला लागले. सामना एकतीस-तीन असा संपला. ते तीनसुद्धा ड्रिलर्सनी दया म्हणून दिल्यासारखे.

मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्यात व्हिटलॉकनी त्याची कॉलर धरली. आता तो गोड माणूस कुठे गेला होता कोण जाणे.

"किती दिले रे त्यांनी तुला?"

"कुणी?"

"मॅब्रीनं! मला येडा समजतोस? काढून टाकल्याचं नाटक करून इकडे पाठवायचा, आणि खोटंनाटं सांगून—"

"खोटं नाही हो! मी सगळं खरं सांगितलं!"

"खरं?"

"देवाशपथ! जे होतं ते सगळं. एक अक्षर ठेवलं नाही." वॉशचा आवाज चिरकला. "मी खरंच फितूर झालो होतो!"

आजूबाजूला चार माणसं होती. एक वार्ताहर होता. त्याने पेन्सिल कानामागून काढली.

जर्सी तिथेच उतरवून घेतली. काखेत उसवलेली होती तशीच होती.

बाहेर भिंतीला टेकून नॉर्म उभा होता, ओले केस विंचरून, अंगात उंटाच्या रंगाचा कोट. वॉशला बघून त्याने दोन्ही हात पसरले.

"म्हाताऱ्या! रागावलास?"

वॉशने बॅग खाली ठेवली.

"अरे, तुझा दिवस कुठं जात नाही. कोचनी आधीपासून ठरवलं होतं. मंगळवारी यायचं, तुझी खुंटी तुझी, तुझी जागा तुझी. ड्यूईला अजून चेंडू नीट धरता येत नाही. तुला पाच दिवस नुसतं उसनं दिलं होतं, असं समज."

"रंग कधी बदलले?"

"तीन आठवडे झाले की."

"मी होतो की तीन आठवडे."

"सोमवारी नव्हतास. सामन्यांत तुझ्यासमोर जुनेच ओरडत होतो."

वॉशला समजलं. तीन सोमवार त्याला गुडघा शेकायला शहरातल्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. मॅब्रींनी टॅक्सीसुद्धा करून दिली होती. टॅक्सी! त्याला वाटलं होतं, दहाव्या वर्षी का होईना, किंमत कळली.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं."

"बत्तीसच्या बत्तीस." नॉर्मला हसू आवरेना. "आणि कुणी तोंड उघडलं नाही, बघ! ड्यूई तर रडायला आला होता."

"मला का नाही सांगितलं? मला सांगितलं असतंत, तर मी तिकडे जाऊन खोटं बोललो असतो. संघासाठी."

"तुला कुठं खोटं बोलता येतं? नऊ वर्षं पत्ते खेळतोय तुझ्याशी. तुझ्या हातात राणी आली की तुझ्या कानांवरून कळतं." नॉर्मने त्याच्या दंडावर गुद्दा मारला. "म्हणून तुला खरं बोलायलाच पाठवलं. कोच म्हणाले, मंगळवारी काढलेला माणूस गुरुवारपर्यंत बोलतो. मी म्हणालो, बुधवार. पाच डॉलरची पैज. सांग, कोण जिंकलं?"

वॉशने कोटाची बटणं लावली. एक बटण चुकलं, ते काढून परत लावलं.

"बुधवारच ना?" नॉर्मने विचारलं. आता त्याचं हसू जरा कमी झालं होतं. "वॉश? गंमत होती रे. जिंकलो की आपण."

*

मॅब्रींना गंमत पोटात ठेवता येईना. सोमवारच्या वर्तमानपत्रात खेळाच्या पानभर तीच हकीकत. कोचची चतुराई, पायलट्सची फजिती, आणि मध्ये जाड अक्षरांत, "मधला माणूस बुधवारीच बोलला!" खाली बोगद्यातलं ते वाक्य शब्दन् शब्द छापलेलं. एल्डन शहर दिवसभर हसत होतं. न्हावी हसला, पोस्टमन हसला. कुणी वॉशला वाईट म्हणालं नाही. उलट त्याचं नाव नऊ वर्षांत एवढ्या मोठ्या अक्षरांत कधी आलं नव्हतं.

पॉलीनने पान दोनदा वाचलं आणि घडी घातली.

"खरंच बोललास तू?"

"हो."

"बुधवारी?"

"हो."

"मी गुरुवार म्हटलं असतं," ती म्हणाली. आणि घडी टेबलावर ठेवून, "बाबांकडे हे पान दुपारच्या गाडीनं पोचतं."

शहराला एक ठाऊक नव्हतं, मॅब्रींना नव्हतं, नॉर्मला तर नव्हतंच. कार्व्हर्स रनमध्ये माणूस दारू पिऊन बायकोला मारतो, त्याच्याशी लोक आठवडाभर बोलत नाहीत. चोरी करतो, त्याच्याशी वर्षभर. पण एकोणीस सालच्या संपात ज्याने कंपनीला नावं सांगितली, त्या माणसाची मंडळाच्या दिवाणखान्यातली खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. तो मरून सव्वीस वर्षं झाली होती. झाडताना बाया ती उचलत आणि परत तशीच ठेवत.

*

मंगळवारी ड्रिलर्सनी पाठीवर थापा मारून वॉशचं स्वागत केलं. त्याने थापा मोजल्या नाहीत. बुधवारी, सराव संपल्यावर, तो बसने कार्व्हर्स रनला गेला.

ओनुफ्री स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. समोर बटाट्याचं सूप, पाव, आणि वर्तमानपत्राची घडी. अठ्ठावन्न वर्षांचे, भट्टीवर एकोणचाळीस वर्षं काढलेले. भुवया केव्हाच जळून गेल्या होत्या, त्यामुळे माणूस रागावलाय की नाही ते चेहऱ्यावरून कळत नसे.

"जेवलास?"

"जेवलो, बाबा."

"मग बस."

वॉश बसला. ओनुफ्रींनी सूपचे चार चमचे घेतले.

"कालच मंडळाची सभा झाली," ओनुफ्री म्हणाले. "मोटार तुला मिळेल. ठराव दीड वर्षापूर्वी झालाय, आणि दिलेला शब्द आम्ही मोडत नाही. बसगाड्या निघणार नाहीत."

"बाबा, त्यांनी मला फसवलं. नऊ वर्षांचा दोस्त—"

"वाचलं मी."

"मला काढून टाकलं होतं! मी त्यांचं काही लागत नव्हतो. कुणाशी बेइमानी केली मी?"

"आम्हालाही कंपनीनं घराबाहेर काढलं होतं. कंपनीचे आम्ही कोण लागत होतो?" त्यांनी पावाचा तुकडा मोडला. "त्या माणसाची बायको आजारी होती. औषधाला पैसे देतो म्हणाले. त्यानं बावीस नावं सांगितली. माझं सातवं होतं. पॉलीनची आई त्या थंडीत पोटुशी होती, रस्त्यावर. ते मूल राहिलं नाही. तोही म्हणाला होता, मी घरच्यांसाठी केलं."

"इथं कुणी रस्त्यावर आलं नाही. खेळ आहे हा. रंग होते नुसते, बाबा! हिरवा, लाल!"

"म्हणूनच तर," म्हातारा म्हणाला. "तेवढ्याशासाठी."

वॉशने टेबलाची कड धरली. "मी तुमच्यासाठीच बोललो. दिवस चुकू नये म्हणून. तुमची दीड वर्षाची मेहनत—"

"आमच्यासाठी." ओनुफ्रींनी पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. "आम्हाला विचारायचं होतंस. आम्ही म्हटलं असतं, गप्प बस आणि घरी ये. मोटार आम्ही तुला चर्चच्या अंगणात दिली असती. बॅन्ड वाजवून."

हे वॉशच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवस म्हणजे मैदान, ध्वनिक्षेपक, चाळीस हजार माणसं. चर्चच्या अंगणातसुद्धा दिवस होऊ शकतो, हे दहा वर्षं खेळलेल्या माणसाला सुचत नाही.

"मग मी काय करायला हवं होतं?" त्याने विचारलं. पोरासारखं.

"काही नाही. काही न करताच राहायचं असतं ते. साडेतीन महिने राहिलो आम्ही." ओनुफ्री उठले, स्वतःचा वाडगा धुतला, पालथा घातला. "शेवटची बस सातला आहे."

*

दोन डिसेंबरला ऊन पडलं होतं. वॉशला मैदानाच्या मधोमध उभं केलं. शेजारी निळी मोटार, टपावर पांढरी फीत. किल्ली तीन दिवसांपूर्वी पाकिटातून संघाच्या कचेरीत आली होती. सोबत चिठ्ठी नव्हती. त्यामुळे ती संघाच्या मालकांनी दिली, ‘कार्व्हर्स रनच्या आपल्या मित्रांतर्फे’ असं म्हणून, आणि हात पूर्वेकडच्या रांगांकडे केला. तिथे एकशे चाळीस जागांचा चौकोन रिकामा होता. तिकिटांचे पैसे दिलेले असल्यामुळे कुणाला बसवताही येईना.

त्या चौकोनात बरोबर मधे पॉलीन बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. बापाने येऊ नको म्हटलं होतं. आपण नवऱ्यासाठी आलो की बापाला दाखवायला, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

मग नॉर्म ध्वनिक्षेपकाशी आला. त्याचं भाषण चांगलं असायचं. "या माणसाने नऊ वर्षं माझी पाठराखण केली," तो म्हणाला. "संघाने त्याला शत्रूच्या घरात पाठवलं, तर तिथूनही तो आपल्यालाच सामना जिंकून देऊन आला! यापेक्षा निष्ठावान माणूस मी पाहिला नाही!" चाळीस हजार लोक हसले, आणि हसता हसता उभे राहिले. नॉर्मने त्याला मिठी मारली. मिठीत असतानाच कानाशी म्हणाला, "हस ना, लेका, फोटो काढतायत."

वॉश हसला. फोटो आहे तो.

त्याने चार वाक्यं पाठ केली होती, गावच्या बोलीत, ओनुफ्रींसाठी आणि पिरोगी लाटणाऱ्या बायांसाठी. त्याने पूर्वेकडे बघितलं. "थॅंक यू," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला.

त्या दिवशी तो चांगला खेळला. मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे लोक काहीबाही बोलायचे. त्याने नॉर्मच्या हातात चौपन्न चेंडू दिले, एकही सांडला नाही, आणि नॉर्मला कुणाला हात लावू दिला नाही. फक्त दोन चालींच्या मधे नॉर्म काही बोलला, की तो वळून बघत नसे.

सामना संपल्यावर तो आणि पॉलीन मोटार घेऊन चाळीस मैल गेले. मोटार मंडळाच्या दारात उभी केली. वॉशने किल्ली दाराच्या फटीतून आत टाकली, आणि दोघं सातची बस पकडून परत आले.

सोमवारी किल्ली टपालाने परत आली. पाकिटावर ओनुफ्रींचं अक्षर. वॉशने दुसऱ्या पाकिटात घालून परत पाठवली. ख्रिसमसपर्यंत ती पाच वेळा गेली आली. पोस्टमन म्हणाला, आमच्या खात्याला एवढा फायदा दुसऱ्या कुठल्या मोटारीने करून दिला नाही. शेवटी ती कुणाकडे राहिली, ते दोन्ही घरांत कुणी बोललं नाही.

जानेवारीत ड्रिलर्सचं पत्र आलं, पुढल्या मोसमासाठी गरज नाही. या वेळी फिंचसुद्धा पाठवावा लागला नाही. वॉश आणि पॉलीन कार्व्हर्स रनला तिच्या मावशीच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, आणि वॉश भट्टीवर लागला. लोक त्याला रांगेत जागा देत, आगपेटी देत. नमस्कार करत नसत.

मोटार मंडळाच्या दारात तशीच होती. दिलेलं परत घ्यायचं नाही, म्हणून मंडळ हात लावेना. न कमावलेलं घ्यायचं नाही, म्हणून वॉश लावेना. बर्फ तिच्या टपावर हातभर साचलं. गावातल्या व्रात्य पोरांनीसुद्धा काचेवर कधी बोट ओढलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी, पाळी बदलताना, वॉश तिकडून चालला होता. समोरून ओनुफ्री येत होते, हातात डबा. दोघंही मोटारीपाशी येऊन थांबले. रस्ता अरुंद होता, थांबावंच लागलं. म्हाताऱ्याने हातमोज्याने पुढच्या काचेवरचं थोडं बर्फ झाडलं, आत डोकावून बघितलं.

"बॅटरी उतरली असेल," ओनुफ्री म्हणाले.

"उतरली असेल," वॉश म्हणाला.

म्हातारा आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला. ओनुफ्रींनी डबा दुसऱ्या हातात घेतला आणि भट्टीकडे निघून गेले.